रिमोटचं विमान उडेल, पण उतरेल कुठं?

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं विमानतळ आणि डांबरी धावपट्टी येते. पण दोन-चार किलो वजनाचं, एका माणसाला हातात धरता येईल एवढं आणि जमिनीवरून रिमोटवर चालणारं विमानही असतं. त्याला मॉडेल विमान म्हणतात. एनसीसीच्या एअर विंगची मुलं फार पूर्वीपासून अशी विमानं बनवतात आणि उडवतात. कालपर्यंत हा शहरी हौसेचा खेळ होता. आता त्याच जातीची विमानं औषधं आणि रक्ताच्या पिशव्या वाहू लागली आहेत. म्हणूनच जिवतीसारख्या डोंगरी तालुक्यातल्या शेतकरी बंधूंनी, सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी या यंत्राची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

चार पंख्यांचा वेगळा, पंखांचा वेगळा

फवारणीचा ड्रोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. केंद्र सरकारने २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केल्यापासून बचत गटांच्या बायाही तो चालवू लागल्या. तो जागच्या जागी वर जातो आणि जागच्या जागी उतरतो. त्याला खाटेएवढी सपाट जागा पुरते. पण हवेत राहायचं तर त्याला आपलं सगळं वजन पंख्यांच्या जोरावर सतत पेलावं लागतं. त्यामुळे दहा लिटरची टाकी भरून उडाला की दहा-पंधरा मिनिटांत तो बॅटरी मागतो.

पंखांच्या विमानाचं तसं नाही. त्याचे पंख हवेवर तरंगतात, मोटरला फक्त पुढे ढकलायचं असतं. तेवढ्याच बॅटरीत ते कितीतरी लांब जातं. मात्र त्यासाठी त्याला सतत वेग ठेवावा लागतो. वेग ठरावीक हद्दीच्या खाली गेला की पंख वजन पेलत नाहीत आणि विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून हवेत असताना त्याची फारशी चिंता नसते. खरी परीक्षा असते ती सोडताना आणि उतरवताना.

कुठं कुठं कामी आलं?

आफ्रिकेतल्या रवांडा या डोंगराळ देशात २०१६ पासून पंखांची विमानं खेड्यांतल्या दवाखान्यांना रक्त पुरवतात. साधारण ताशी १०० किलोमीटर वेगाने ती जातात. त्यांना गलोलीसारख्या यंत्रातून फेकून उडवतात. दवाखान्यावर ती उतरतच नाहीत, छोट्या हवाई छत्रीने डबा खाली सोडून परत फिरतात. ठाण्यावर आल्यावर दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरीत शेपटीचा आकडा अडकतो आणि विमान थांबतं. म्हणजे धावपट्टीची गरजच ठेवलेली नाही.

आपल्या देशातही ड्रोनने औषधं नेऊन पाहिली गेली. शेजारच्या तेलंगणात सप्टेंबर २०२१ मध्ये विकाराबादला तसा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात बिष्णुपूरच्या रुग्णालयातून लोकटक तळ्यातल्या करांग बेटावर लस पोचली. रस्त्याने २६ किलोमीटरची वाट आकाशातून १५ किलोमीटरची झाली. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या राज्यात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला लसीचे ३०० डोस गेले. चाळीस मिनिटांचं काम नऊ मिनिटांत झालं.

आता जिवतीचा विचार करा. घाट चढून पठारावर यायचं, तिथून गुड्या-पाड्यांवर जायचं, मध्ये नाले आणि जंगल. पावसाळ्यात साप चावलेल्या माणसासाठी औषध मागवायचं म्हटलं तर वेळ कशी जाते, हे तुम्हाला सांगायला नको. असं विमान उद्याच येईल असं कोणी समजू नये. पण आलंच तर पहिला प्रश्न हाच असेल की गावात सोडायला आणि उतरवायला मोकळी जागा कुठं आहे?

सोडायचं ते गोफणीसारखं

राखण करताना गोफण फिरवली नाही तर दगड पायाशीच पडतो. विमानाचंही तेच आहे. हातातून सुटतानाच त्याला पुरेसा वेग मिळाला पाहिजे. लहान विमान हाताने फेकतात. तोंड वाऱ्याकडे करायचं, दोन-चार पावलं पळायचं आणि भाल्यासारखं सरळ फेकायचं. नवखा माणूस हमखास आभाळाकडे फेकतो. मग वेग तिथंच संपतो, एक पंख खाली जातो आणि विमान जमिनीवर आपटतं. नाक किंचित वर ठेवावं, तेवढं पुरे.

पंखा मागे बसवलेला असेल तर फेकणाऱ्याच्या बोटांना धोका असतो. अशा वेळी विमान हातातून सुटल्यावरच मोटर चालू व्हावी अशी व्यवस्था करतात. जड किंवा वेगवान विमान ताणलेल्या रबरी दोराने सोडतात. या दोराची खुंटी बैल बांधायच्या खुंट्याइतकी पक्की हवी. ती निसटली तर दोराच्या ओढीने सोडणाऱ्याच्याच अंगावर येते. दोराच्या रेषेत आणि पुढच्या बाजूला कोणालाही उभं राहू देऊ नये.

उतरवताना वारा समोरून हवा

उपणणी करताना तुम्ही आधी वारा कुठून येतो ते बघता. तळ्यावर बगळा उतरतो तोही वाऱ्याकडे तोंड करूनच. विमानाचा नियम हाच आहे. याचा हिशेब सोपा आहे. समजा विमानाला उतरताना हवेत ताशी ५५ किलोमीटर वेग हवा आणि वारा १५ चा आहे. वारा समोरून घेतला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ४० राहतो. वारा पाठीमागून असला तर तोच ७० होतो. वेगाचा मार वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणून ७० चा दणका ४० च्या तिप्पट बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलट होतं. तुम्ही डावीकडे वळवायला जाता आणि ते तुमच्या उजवीकडे पळतं. यावर जुन्या हौशी लोकांनी काढलेली युक्ती अशी की जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला रिमोटची काडी ढकलायची.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. मैदान कमी पडतंय असं वाटलं की हात आपोआप विमानाचं नाक वर ओढतो. बहुतेक विमानं इथंच मोडतात, कारण नाक वर गेलं की वेग मरतो. अशा वेळी मोटर वाढवून सरळ पुढे जावं, चक्कर मारून पुन्हा यावं. त्यासाठी बॅटरीचा निदान तिसरा हिस्सा उतरण्यासाठी राखून ठेवलेला हवा.

विमान जितकं वेगवान, तितकं हे सगळं अवघड. ताशी २०० किलोमीटरने जाणारं मॉडेल एका सेकंदात ५५ मीटर कापतं. तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत ते दोन वावरं ओलांडून गेलेलं असतं. जर्मनीत २०१७ साली जेट इंजिनाचं मॉडेल ताशी ७४९ किलोमीटरपर्यंत गेलं. अमेरिकेत २०२१ साली तर बिनमोटरच्या मॉडेलने डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याच्या बळावर ताशी ८८० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. हा सगळा वेग डोंगराच्या वाऱ्यातून आला. आपल्याकडच्या माणिकगडच्या डोंगरालाही वारा आहे हे विसरू नका. डोंगराच्या आडोशाला वारा खाली दाबतो आणि गरगरतो. अशा आडोशात विमान उतरवायला जाऊ नये.

मैदान कसं निवडावं?

विमान उतरताना साधारण दहा मीटर पुढे जातं तेव्हा एक मीटर खाली येतं असं धरा. म्हणजे मैदानाच्या टोकाला दहा मीटर उंचीचं मोहाचं झाड किंवा विजेची तार असेल, तर तिच्यामुळे शंभर मीटर मैदान वाया गेलं. कागदावर दोनशे मीटरचं गायरान असलं तरी हाती शंभरच राहतं. म्हणून जागेची लांबी मोजताना तिच्या दोन्ही टोकांना काय उभं आहे ते आधी पाहावं.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, तर हिवाळ्यात ईशान्य-उत्तरेकडून. त्यामुळे ईशान्य-नैर्ऋत्य पडलेली लांबट जागा दोन्ही हंगामांत कामी येते. जमीन सपाट आणि गवताची असावी. दगड, खुंट आणि धुऱ्याचे बांध नकोत. वेळ सकाळची चांगली. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वावटळी उठतात, तेव्हा विमान सोडूच नये.

शेजारच्या वावरात कापूस वेचायला मजूर असतील किंवा ढोरं चरत असतील, तर उड्डाण थांबवावं. दोन किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटरने आदळलं, तर तो मार २० मीटर उंचीवरून दोन किलोचा धोंडा अंगावर पडावा तसा असतो. विमान थर्मोकोलसारखं हलकं दिसतं, पण आतली बॅटरी आणि मोटर हलकी नसते. ही बॅटरी चेपली तर पेटते, म्हणून कडब्याच्या गंजीजवळ किंवा वेचलेल्या कापसाजवळ ती ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

२५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत. पंखांचं विमानही त्यात धरलं जातं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल अशी वर्गवारी आहे. नॅनो उडवायला, तसंच धंदा नसेल तर मायक्रो उडवायला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे मात्र लागतं. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज नाही. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी हवी. कोणतं क्षेत्र कसं, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर उडवण्याआधी पाहावं. पोलिसांना एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवता येतो. आपला भाग सीमेचा आणि जंगलाचा आहे. तेव्हा नियम काहीही म्हणोत, पोलिस ठाण्याला आणि जंगलालगत असाल तर वन खात्याला आधी कळवणं शहाणपणाचं.

ग्रामसभेत विषय घ्या

गावठाणाच्या ड्रोन मोजणीच्या वेळी अनेक गावांनी आपापल्या मिळकतीभोवती चुन्याच्या रेषा मारून दिल्या. यंत्र सरकारचं होतं, पण जमिनीवरची तयारी गावाने केली. इथंही तसंच करता येईल. जिवती तालुक्यात जमिनीच्या नोंदींचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून आधी तलाठ्याकडून जागेची खात्री करून घ्यावी. कोणाची वहिती असलेली जमीन यात ओढू नये.

पुढच्या ग्रामसभेत एवढं ठरवा. दीडशे-दोनशे मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद अशी कोणती मोकळी जागा गावाकडे आहे, तिच्या टोकांना झाडं-तारा किती उंच आहेत आणि वारा कुठून येतो, याची नोंद करा. तिथं नवा खांब किंवा नवं बांधकाम येणार असेल तर आधी चर्चा होऊ द्या. उड्डाणाच्या आदल्या दिवशी कोतवालाने दवंडी द्यायची, असाही ठराव करा. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही. विमान आलं नाही तरी ही जागा वाया जाणार नाही. पोरांना खेळायला, आरोग्य शिबिराला आणि गावावर संकट आलं तर लोकांना एकत्र करायला ती कामी येईलच.