दक्षिण चीन, आग्नेय आशियातील राज्ये आणि धम्मविजय

आग्नेय आशियातील एखाद्या बौद्ध राज्याने दक्षिण चीन जिंकला असता, तर तेथे धम्म अधिक दृढ झाला असता काय, असा प्रश्न अभ्यासवर्गात अधूनमधून विचारला जातो. इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे म्हणून तो टाळता येईल, परंतु न घडलेल्या गोष्टीचा विचार करताना घडलेल्या गोष्टींची कारणे स्पष्ट होतात.

प्रथम आक्रमणे पाहू. युनानमधील नानचाओ राज्याच्या सैन्याने इ.स. ८२९ मध्ये चेंगडूपर्यंत धडक मारली. ८६३ मध्ये त्याने आजच्या हनोईच्या परिसरातील तांग सत्तेचे केंद्र घेतले. ८६६ मध्ये ते गमावले. १०७५ च्या अखेरीस व्हिएतनामच्या ली घराण्याचा सेनापती ली थुओंग कियेत याने सुंग साम्राज्याची सरहद्द ओलांडली. सुमारे चाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर युंगचौ, म्हणजे आजचे नानिंग, पडले. पण सैन्य तेथे न थांबता परतले.

याचे कारण उघड आहे. शहर जिंकणे वेगळे आणि प्रदेश राखणे वेगळे. इ.स. ११०० च्या सुमारास सुंग साम्राज्याची लोकसंख्या दहा कोटींच्या घरात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या मनुष्यबळापुढे व महसुलापुढे लहान राज्याचा टिकाव लागणे कठीण होते. आपल्याकडील राष्ट्रकूटांचे उदाहरण असेच आहे. तिसऱ्या इंद्राने इ.स. ९१६ च्या सुमारास कनौज घेतले. परंतु दख्खनमधून ते राखणे शक्य झाले नाही आणि प्रतिहार पुन्हा परतले.

संधीचा काळ एकच दिसतो, तो दहाव्या शतकाचा. तेव्हा चीन विभागलेला होता आणि ग्वांगचौ येथे दक्षिण हान हे छोटे राज्य होते. ९३८ मध्ये न्गो क्वेन याने बाख डांग नदीवर त्याचा पराभवही केला. परंतु पुढे व्हिएतनाममध्येच सरदारांची यादवी माजली. दिन बो लिन्ह याने ९६८ मध्ये देश एकत्र केला आणि ९७१ मध्ये सुंगांनी दक्षिण हान जिंकून घेतले. संधी होती ती जेमतेम तीन वर्षांची.

आता प्रश्नाचे दुसरे अंग. दक्षिण चीन हा धम्माला परका प्रदेश नव्हता. चान परंपरेचे सहावे आचार्य हुइनेंग ग्वांगडोंगचेच होते, आणि ली राजांनी ज्या थियेन परंपरेला आश्रय दिला तिचे मूळही चानमध्येच आहे. म्हणजे आक्रमक आणि आक्रांत दोघेही बौद्ध परंपरेचे वारस होते. युंगचौच्या पाडावात जे हजारो लोक मारले गेले, त्यांच्या मृत्यूने धम्माचे कोणते हित साधले?

पालीच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट युनानच्या दक्षिण टोकाला आहे. सिपसोंगपन्नातील ताई समाजात थेरवाद रुजला, तो लान्ना व केंगतुंगकडून आलेल्या भिक्खूंमुळे आणि ग्रंथांमुळे. तेथील विहारांत ताई लिपीत ताडपत्रांवर पाली ग्रंथ लिहिले गेले. कोणत्याही सेनापतीला जे राखता आले नाही, ते लेखणीने आणि पठणाने राखले.

अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगातील संहाराबद्दल पश्चात्ताप व्यक्त करून धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानला आहे. म्हणून ‘बौद्ध राजा जिंकला असता तर’ या प्रश्नापेक्षा, ग्रंथ कोणी लिहिले, कोणी शिकवले आणि कोणी जपले, हा प्रश्न आपल्या अभ्यासाला अधिक उपकारक आहे.