पिकते अफू, उरते वेदना

दिवाळीच्या अनारशावर लावलेली खसखस आणि कॅन्सरच्या रुग्णाची वेदना शमवणारे मॉर्फिन ही दोन्ही एकाच झाडाच्या बोंडातून येतात. बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या की चीक पाझरतो, रात्रभरात तो दाट होतो आणि सकाळी शेतकरी तो खरवडून गोळा करतो. ही अफू. तेच बोंड वाळल्यावर आतून जे दाणे निघतात ती खसखस. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर, राजस्थानातील चित्तोडगड आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग इथे ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यानेच ही शेती होते. चिकाचा थेंबन् थेंब सरकारला द्यावा लागतो. तो नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत जातो. कायदेशीररीत्या अफूचा चीक गोळा करून त्याची निर्यात करणारा जगातला एकमेव देश म्हणून भारत ओळखला जातो.

आणि याच देशात कॅन्सरचे असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत मरतात. वेदनाशमन आणि उपशामक, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या, उपचारांविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली जगभराचा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ३०० टन मॉर्फिनइतकी अफूजन्य औषधे जगात वाटली जातात आणि अतिगरीब देशांच्या वाट्याला त्यातले जेमतेम १०० किलो येते. भारताला जितकी गरज आहे त्याच्या ४ टक्केच औषध भारतीय रुग्णांपर्यंत पोहोचते, असे त्या हिशेबात आढळले.

ही कथा निव्वळ टंचाईची असती तर उत्पादन वाढवून सुटली असती. पण वेदनेच्या बाबतीत आपल्याकडे दुहेरी चूक होते. जिथे प्रभावी औषध हवे तिथे आपण घाबरतो. जिथे गोळीने फारसे साधत नाही तिथे वर्षानुवर्षे गोळ्या गिळत राहतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : वेदना कोणत्या जातीची आहे हे पाहण्याआधीच उपचार ठरतो.

माळव्याची अफू, मुंबईचे रुग्णालय

अफूशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. ईस्ट इंडिया कंपनीने आधी ही वाहतूक रोखण्याचा प्रयत्न केला, मग कर लावून तिला वाट मोकळी करून दिली. या व्यापारात ज्यांनी अफाट संपत्ती कमावली त्यांत जमशेटजी जीजीभॉय हे ठळक नाव. त्यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले. चीनमध्ये ज्या मालाने घरे उद्ध्वस्त केली, त्याच मालाच्या पैशातून इथल्या गरिबांना खाटा मिळाल्या. अफूच्या या दोन्ही बाजू नजरेआड न करता तिच्याविषयी बोलायला हवे.

जर्मनीतला तरुण औषधनिर्माता फ्रीडरिश सेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे केले. वनस्पतीतून तिचे गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात काढण्याची ही सुरुवात. त्यामुळे औषध मोजून देता येऊ लागले. दोनशे वर्षांनंतरही तीव्र वेदनेवरची औषधे मॉर्फिनशी तुलना करूनच मापली जातात.

ताजी वेदना

बोट भाजले, हाड मोडले, पोटावर शस्त्रक्रिया झाली, की होते ती ताजी वेदना. ती शरीराचा इशारा असते आणि जखम भरली की जाते. तिच्यावरचे उपचार आज खूप पुढे गेले आहेत. भूलतज्ज्ञ एका औषधावर विसंबत नाहीत. पॅरासिटामॉल, सूज कमी करणारे औषध, सोनोग्राफीत पाहून विशिष्ट नसेभोवती दिलेले बधिरतेचे इंजेक्शन, पाठीच्या कण्यात बसवलेली एपिड्युरलची बारीक नळी आणि गरजेपुरते मॉर्फिन किंवा फेन्टानिल, असा मेळ घातला जातो. प्रत्येक औषध वेदनेच्या मार्गावर वेगळ्या ठिकाणी अडथळा घालते, त्यामुळे प्रत्येकाचा डोस कमी लागतो आणि त्रासही कमी होतो.

‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ हे वाक्य आपल्या वॉर्डांतून सर्रास ऐकू येते. त्याची किंमत मोठी असते. छातीची किंवा पोटाची जखम दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. दुखते म्हणून तो उठत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ताजी वेदना नीट शमवली नाही तर काहींच्या बाबतीत ती जखम भरल्यावरही मागे राहते.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांना या उपेक्षेचा फटका बसतो. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून ‘नाटक करतो’ असा शेरा या मुलांना मिळू शकतो. अशा वेळी सलाइन आणि तातडीचे प्रभावी वेदनाशमन, प्रसंगी मॉर्फिन, हाच योग्य उपचार आहे. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्यास अशा कळांची वारंवारता घटते.

मुरलेली वेदना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान दिले. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. इथे मूळ दुखापत बरी झालेली असू शकते, पण मज्जासंस्था इशारा देतच राहते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले, की मज्जारज्जूत एक दार असल्यासारखी यंत्रणा असते. शरीरातून येणारे संदेश तिथे अडतात किंवा पुढे जातात आणि मेंदूकडून येणारे संदेशही त्या दारावर परिणाम करतात. तपशील पुढे बदलले, पण झोप, भीती, नैराश्य यांनी वेदना वाढते ती खरोखरच वाढते, हे समजण्याचा मार्ग या मांडणीने खुला केला. म्हणून ‘सगळं मनाचं आहे’ असे रुग्णाला सांगणे अन्यायाचे आहे.

मुरलेल्या वेदनेच्याही जाती आहेत. मधुमेहात तळपाय जळतात, मुंग्या येतात. नागीण बरी झाल्यावर त्या जागी पदराचा स्पर्शही सोसवत नाही. ही खुद्द मज्जातंतूंची वेदना. नेहमीच्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग होत नाही. ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही औषधे उपयोगी पडतात. त्यांतली पहिली दोन नैराश्यावरची म्हणून ओळखली जातात. चिठ्ठीवर ते नाव पाहून ‘मला वेड्याचं औषध दिलं’ असे समजून ते बंद करणारे रुग्ण आहेत. हे औषध मज्जारज्जूतल्या वेदनेच्या संदेशांना आवर घालते, एवढे डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितले तर उपचार वाचतो. चेहऱ्यात विजेचा झटका बसावा तशा कळा येतात त्या ट्रायजेमिनल वेदनेवर कार्बामाझेपिन पहिल्या पसंतीचे आहे.

कंबर आणि गुडघे यांची गोष्ट वेगळी. साध्या कंबरदुखीत दिवसेंदिवस पडून राहण्याने नुकसान होते. हालचाल सुरू ठेवणे हा उपचाराचा पाया आहे. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन कमी करणे यांना तोड नाही. गोळी त्यांच्या जोडीला थोडे दिवस असावी. पण ऊसतोडीला, बांधकामावर, शेतात राबणाऱ्यांना विश्रांतीही परवडत नाही आणि फिजिओथेरपीही. दुकानातून गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे, हा त्यांचा रोजचा मार्ग. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. उन्हात घाम गाळून शरीर कोरडे पडलेले असताना त्या घेतल्या तर मूत्रपिंडावर दुहेरी घाव बसतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण धडधाकट प्रौढानेही २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत तेच असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस पोटात जातो. नाव-गाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’पासून दूरच राहावे, त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळलेले आहेत.

कॅन्सरची वेदना आणि तीन पायऱ्या

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेला कोडीनसारखे सौम्य अफूजन्य औषध, तीव्र वेदनेला मॉर्फिन. शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर, म्हणजे कळ उठण्याची वाट न पाहता. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. सोबत जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठता ठरलेलीच. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंड अधू असेल तर डोस जपून ठरवावा लागतो. प्रमाणाबाहेर गेल्यास श्वास मंदावतो, त्यावर नॅलोक्झोन हे उताऱ्याचे औषध आहे. २०१८ च्या नव्या मार्गदर्शनात पायऱ्यांपेक्षा प्रत्येक रुग्णाच्या गरजेवर भर आहे; तीव्र वेदना असेल तर पहिल्या पायरीपासून चढत बसण्याचे कारण नाही.

ही गोळी महाग नाही. नवी किंवा गुंतागुंतीची तर नाहीच. मग ती अडली कुठे? १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षांची कैद. वैद्यकीय वापराला कायद्यात मुभा होती, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, परवाने चार-पाच, तेही वेगवेगळ्या खात्यांचे आणि सगळे एकाच वेळी वैध असणे आवश्यक. नोंदीतल्या चुकीसाठी तुरुंगाची टांगती तलवार. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिनची चिठ्ठी न लिहिताच शिकून बाहेर पडल्या.

याला उत्तर केरळने दिले. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक उपचारांची संस्था सुरू केली. शेजारपाजारचे स्वयंसेवक घरी जाऊन रुग्णांची काळजी घेऊ लागले. मॉर्फिन घरी दिले तर बाजारात जाईल, ही भीती त्यांनी तपासून पाहिली. दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी घेण्यासाठी मॉर्फिन दिले गेले. गैरवापराचे किंवा औषध बाहेर जाण्याचे एकही प्रकरण आढळले नाही. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनेकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन यांसारखी औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, देशभर एकच नियम आला आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली.

महाराष्ट्र आणि गोवा यांत मागे नव्हते. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारा देशातला पहिला हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाला आणि पुढे त्याची शाखा गोव्यात निघाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र आहे. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पण ही सेवा मोठ्या शहरांभोवतीच दाटली आहे. गडचिरोलीच्या रुग्णाने मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी नागपूर गाठायचे, ही व्यवस्था म्हणता येणार नाही. कायदा बदलला, पण मान्यतेसाठी अर्ज करणारी जिल्हा रुग्णालये आणि औषध हाताळायला शिकलेले डॉक्टर व परिचारिका अजून कमी आहेत.

अमेरिकेचा धडा

‘मॉर्फिन मोकळे केले तर आपली अमेरिका होईल’ असा आक्षेप घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यायला हवा. १९९६ साली तिथे ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य औषध बाजारात आले. व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा प्रचार करून ते कंबरदुखी-सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे देण्यात आले आणि लाखो माणसे अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने दगावली. पण चूक नेमकी कुठे झाली? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनी कंबरदुखी आणि गुडघे-खुब्याची झीज असलेले २४० रुग्ण होते. वर्षभरानंतर अफूजन्य औषधे घेणाऱ्यांना साध्या औषधांपेक्षा अधिक फायदा झाला नव्हता. ज्या वेदनेवर ते औषध उपयोगी नाही, त्या वेदनेसाठी ते खिरापतीसारखे वाटले गेले. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन नाकारणे हा या धड्याचा अर्थ होऊ शकत नाही.

कायद्याइतकीच दुसरी अडचण आपल्या घरात आहे. मॉर्फिन सुरू केले म्हणजे ‘आता संपलंच’, असे नातेवाईक समजतात. मॉर्फिन वेदनेच्या तीव्रतेनुसार देतात, उरलेल्या दिवसांनुसार नव्हे. रेडिएशनने गाठ आक्रसली आणि वेदना घटली की डोस हळूहळू कमी करून बंदही करता येतो. वेदना शमलेला माणूस जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो, उरलेले उपचार पेलतो. ‘सहन करायला हवं’ म्हणून आजीने दुखणे लपवले, तर डॉक्टरांनाही ते कळत नाही.

तेव्हा घरात कोणी दुखण्याने बेजार असेल तर डॉक्टरांना नेमके विचारा : ही वेदना कोणत्या प्रकारची आहे? हे औषध किती दिवस घ्यायचे आणि त्याचा मूत्रपिंडावर, जठरावर काय परिणाम होईल? व्यायाम कोणता करायचा? वेदना शून्य ते दहामध्ये किती आहे, हे रोज लिहून ठेवा आणि दाखवा. कॅन्सरची वेदना असेल तर मॉर्फिन मिळते का, हे मोकळेपणाने विचारा. जिल्हा रुग्णालयात ते नसेल तर लोकप्रतिनिधींना पत्र लिहून मागा. उपशामक उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे आणि कायद्याची आडकाठी २०१४ मध्ये दूर झाली आहे. आता उरले आहे ते नागरिकांनी मागणे आणि सरकारने देणे.