गवती चहाचं तेल, घरच्या घरी

गवती चहातल्या सिट्रालमुळे त्याला लिंबासारखा वास येतो. हा द्रव सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळतो. मग १०० अंशांच्या वाफेबरोबर तो बाहेर कसा येतो? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांचे बाष्पदाब स्वतंत्रपणे काम करतात. त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, आणि तेही १०० अंशांच्या किंचित खालीच. नाजूक सुगंध जळत नाही तो यामुळेच. मला यातलं हे सर्वांत सुंदर वाटतं.

भांड्यात पाणी, त्यावर जाळीच्या ताटलीत चिरलेली पानं. वाफ काचेच्या किंवा स्टीलच्या नळीतून गार पाण्यातून न्यायची. प्लास्टिक नको, तेल ते विरघळवू शकतं. खाली जमलेल्या पाण्यावर पिवळसर थर तरंगतो, तेच तेल. एक किलो ताज्या पानांतून जेमतेम दोन ते पाच मिलिलिटर! खालचं पाणीही सुवासिक असतं, ते फेकू नका.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा गवताचं तेल भट्ट्या लावून असंच काढत. त्यात मुख्यतः जिरॅनिऑल असतं, म्हणून वास गुलाबाच्या जवळचा.

प्रेशर कुकर वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती: पानांच्या तुकड्यांनी नळी तुंबली तर दाब धोकादायक वाढतो, म्हणून वाफेची वाट कायम मोकळी ठेवा. हे तेल पेट घेतं, आचेपासून लांब ठेवा. पोटात घेऊ नका आणि खोबरेल तेलात पातळ केल्याशिवाय अंगाला लावू नका.