एकोणसत्तर म्हणजे किती?

‘आजोबांचं वय किती रे?’ बाईंनी विचारलं. बुद्धिमत्ता चाचणी सुरू व्हायची होती, नुसत्या ओळखीच्या गप्पा चालल्या होत्या. भाचा म्हणाला, ‘आजोबा म्हणतात, एकोणसत्तर.’ मग थोडा विचार करून त्याने बाईंनाच विचारलं, ‘ते सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?’

बाई हसल्या नाहीत. समोरच्या कागदाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी टिपलं आणि माझ्या बहिणीकडे वळल्या. ‘घरी भाषा कोणती?’

‘मराठी. शाळा इंग्रजी.’

‘आणि रागावता कोणत्या भाषेत?’

‘दोन्ही,’ बहीण म्हणाली.

मग आम्हाला बाहेर बसवलं. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्याजवळ आणखी तीन आया बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर शाळेची फाइल. दोन तास हाताशी होते. बुद्धीची ही मोजपट्टी मराठीत कुठून आली, याचा शोध घ्यायचं तिथेच डोक्यात आलं.

मुळात ती पॅरिसची. अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी ती तयार केली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ल्युईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची आवृत्ती काढली आणि बुद्ध्यांकाचं त्रैराशिक सर्वदूर नेलं: मानसिक वयाला खऱ्या वयाने भागा, शंभराने गुणा. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतकं केलं, तर बुद्ध्यांक १२५. हिशोब इतका सुटसुटीत की पालकांच्या तो कायमचा लक्षात राहिला.

टर्मनची ही आवृत्ती आपल्याकडे आणली धारवाडच्या वि. वि. कामत यांनी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि गल्लीगणिक कन्नड-मराठी बदलणाऱ्या त्या गावात एकाच भाषेतल्या कसोटीने भागणार नव्हतं. कामतांनी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ती बसवली. त्यांचं ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे पुस्तक ऑक्सफर्डने १९४० मध्ये काढलं. बिने-कामत कसोटी आजही दवाखान्यांत वापरली जाते. माझी अडचण नेमकी इथे आहे. कसोटीतले गुण म्हणजे त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना, आणि ज्यांच्याशी तुलना करायची ती मुलं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासून दाखवलं की तिथल्या लोकांचे गुण दर दशकाला साधारण तीन अंकांनी चढत गेले आहेत. म्हणजे प्रमाणकं जितकी जुनी, तितका आकडा फुगण्याचा धोका. आपल्याकडे हा वेग किती, हा वेगळा प्रश्न. पण पणजोबांच्या मापाने शिवलेला सदरा पणतवाला घट्ट की सैल, हे एकदा तपासायला नको?

दुसरी मोठी खटपट नागपूरची. ए. जे. मालिन यांनी अमेरिकन वेक्स्लर कसोटी इथल्या मुलांसाठी बदलून घेतली; १९६९ पासून ती ‘मिसिक’ या लघुनावाने ओळखली जाते. वय सहा ते पंधरा, सहा उपचाचण्या शाब्दिक, पाच कृतीच्या. त्यात काय विचारतात ते मी इथे लिहिणार नाही. प्रश्न फुटले की कसोटी मेली, आणि पुण्यात ‘आयक्यूची तयारी करून घेणाऱ्या’ क्लासची पाटी लागायला फार वेळ लागणार नाही.

पुण्याने मात्र उलट्या बाजूने सुरुवात केली. मागे कोण पडतंय यापेक्षा पुढे कोण जाईल, हे अप्पा पेंडसे यांना हवं होतं. १९६२ मध्ये त्यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, १९६९ मध्ये प्रशाला सुरू झाली आणि चौथीच्या मुलांची निवड मानसशास्त्रीय चाचण्यांवर होऊ लागली. गिल्फर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचा ठोकळा कल्पिला होता. त्याच्या १९६७ च्या मांडणीत १२० वेगवेगळ्या क्षमता येतात. डॉ. उषा खिरे आणि प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका यांनी त्या मांडणीवर मराठीत चाचण्या रचल्या. हे काम पुण्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. आणि पुण्यात ठाऊक आहे ते ‘प्रबोधिनीत लागला’ एवढ्यापुरतं.

पुन्हा त्या एकोणसत्तरकडे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याचा पर्याय आला आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: मराठीत एकक आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र दशक आधी, त्यात मुलं अडखळतात. विनोद पुष्कळ झाले. पण चाचणीच्या खोलीत हा विनोद राहत नाही. मराठीत विचारलेलं तोंडी गणित चुकलं, तर चुकलं काय, गणित की ‘एकोण’?

आकडे लक्षात ठेवून परत म्हणायची उपचाचणी त्याहून अवघड जागी नेते. वेल्श मुलांना तिच्यात इंग्रजी मुलांपेक्षा कमी गुण पडत. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये दाखवलं की वेल्श अंक उच्चारायलाच जास्त वेळ लागतो. दोष स्मरणाचा नव्हता, जिभेला लागणाऱ्या वेळाचा होता.

मोठ्यांच्या उपचारांतही भाषाच आधी आडवी येते. येरवड्याचं मनोरुग्णालय १९०७ पासूनचं. पुण्याने त्या नावाची शिवी करून टाकली. त्याच आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा त्या नावातच निम्मी भीती गेली असावी. मुंबईत कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती ‘विवेकनिष्ठ’ या मराठी शब्दात बसवली. माणूस मात्र ‘डिप्रेशन’ किंवा ‘चिंताविकृती’ म्हणत येत नाही. जीव घाबरतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, असं सांगतो. बऱ्याचदा आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. आणि दारावरच्या पाट्या त्याला कळत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर, औषध तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारावा, लाजू नये.

आठवड्याने रिपोर्ट मिळाला. बहिणीने थेट शेवटचं पान उघडलं. बाईंनी तिच्या हातून तो हळूच काढून घेतला आणि कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर दोन खुणा केल्या. ‘हा आकडा नाही, पट्टा आहे. आज इथे, दुसऱ्या दिवशी थोडा इकडे-तिकडे. तोंडी हिशोब मी मराठीत आणि इंग्रजीत, दोनदा घेतले. इंग्रजीत त्याने बरेच सोडवले. वाचन मात्र दोन्हीकडे अडतंय, त्याचं पुढे बघू.’ अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, दहावीला जादा वेळ मिळतो, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकताना बहिणीने पदर तोंडाला लावला होता.

जिना उतरताना तिचा फोन वाजला. मेहुणे ऑफिसातून.

‘अरे, ते एका आकड्यात नाही सांगत. पट्टा असतो,’ ती म्हणाली. मग दोन पायऱ्या खाली गेल्यावर, आवाज बारीक करून, ‘हो, तरी पण पंच्याण्णव.’