पाव्हणा, किती दिवस मुक्काम?

ऊसतोडीहून परत आलेल्या पोराला वर्गात चिडवणं, ही आपल्याकडे 'गंमत' असते. ही गंमत त्या पोराच्या मनात किती वर्षं राहते, याचा विचार आपण कधी केलाय?

मार्च संपत आला होता. आम्ही सातवीत. हजेरी सुरू झाली आणि वर्गाच्या दारात तो येऊन उभा राहिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर गायब झालेला, तो थेट आता उगवला होता. उन्हानं रापलेला, वाळलेला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आला रे आला, पाव्हणा आला! काय पाव्हणं, किती दिवस मुक्काम?"

सगळा वर्ग खो-खो हसला. सरही गालातल्या गालात हसले. मीही हसले.

त्या दिवसापासून त्याचं नावच 'पाव्हणा' पडलं. आठवीत तो आला तो दिवाळीपर्यंतच. त्यानंतर वर्गात दिसलाच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याची आठवणही आली नाही.

दोन महिन्यांपूर्वी शेलूच्या चौकात एसटीची वाट बघत उभी होते. समोरच्या टायरच्या दुकानातून एक जण आला आणि म्हणाला, "ओळखलं का? मी पाव्हणा." त्यानं स्वतःची ओळख त्याच नावानं करून दिली. हा लेख तिथून सुरू झाला. त्याला विचारून लिहितेय, नाव मात्र देत नाही.

आधी जाणं समजून घेऊ

शेलूबाजार हे मंगरुळपीर तालुक्यातलं बाजाराचं गाव. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 'शेलूबाजार' हे नाव मोठ्या निळ्या पाटीवर आलं. पण इथली माणसं बाहेर जायला समृद्धीची वाट बघत नव्हती. वाशीम हा नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन निघालं की हाताला काम उरत नाही. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला तांड्यांवरची, वाड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर.

ऊसतोडीत एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही गेल्यावर घरी म्हातारी आजी असली तर ठीक, नाहीतर पोरंही ट्रकमध्ये बसतात. दिवाळीनंतर गेलेली ही पोरं कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण बुडतं.

काही जण तिकडच्या शाळेत बसतात. तिथं "मले, तुले, काऊन" ऐकून पोरं हसतात. घरी गोरबोली बोलणाऱ्या तांड्यावरच्या पोराला तर मराठी पुस्तकाची भाषाच आधी परकी असते, त्यात हे. परत गावी आलं की इथं पाव्हणा. दोन्हीकडे नाव पटावर, पण दोन्हीकडे परकाच.

चिडवणं आणि बुलिंग

"एवढं काय त्यात? आम्हालाही चिडवायचे." हे वाक्य मी हा लेख लिहिताना निदान पाच जणांकडून ऐकलं. बरोबर आहे, शाळेत सगळेच एकमेकांना चिडवतात. मग फरक कुठे पडतो?

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्यूस यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो. ही तिसरी खूण महत्त्वाची. मला कुणी 'बुटकी' म्हटलं तर मी उलटून बोलू शकत होते, कारण माझ्या बाजूनं चार मैत्रिणी होत्या. पाच महिन्यांनी वर्गात आलेल्या पोराच्या बाजूनं कोण असतं? त्याचे मित्र तोवर दुसऱ्यांचे झालेले असतात. अभ्यास पुढे गेलेला असतो, त्यामुळे सरांच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. त्याची चूक नसताना तो रोज चुकतो आणि त्यावर वर्ग हसतो.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या साधारण ३२ टक्के, म्हणजे जवळपास दर तीन विद्यार्थ्यांमागे एकाला, महिनाभरात एकदा तरी सोबतच्या मुलांकडून असा त्रास झालेला असतो. परदेशातून स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांना सायबर बुलिंगचा धोका तिथल्याच मुलांपेक्षा जास्त असतो, असंही त्यात म्हटलंय. आपली पोरं देश ओलांडत नाहीत, जिल्हा ओलांडतात. पण 'हा आपल्यातला नाही' हे ठरवायला तेवढंही पुरतं.

पोटात दुखायचं

टायरच्या दुकानासमोर चहा घेताना मी त्याला विचारलं, तुला तेव्हा काय वाटायचं? तो आधी हसला. मग म्हणाला, "नाव ठेवलं त्याचं काई नाई. पन मी आलो की माया जाग्यावर दुसरंच कोनी बसेल राहे. सर म्हनत, कुठीबी बस. पन कोनी सरकतच नोतं."

मग जरा थांबून म्हणाला, "सकाळी शाळेच्या टायमालेच पोटात दुखे. मायले वाटे, नाटकं करते."

ती नाटकं नव्हती. लहान मुलांना 'मला टेन्शन आलंय' असं सांगता येत नाही. त्यांचं शरीर ते सांगतं. शाळेच्या वेळेलाच पोट किंवा डोकं दुखणं, झोप न लागणं, मोठं झाल्यावरही अंथरूण ओलं होणं, एकदम गप्प होणं किंवा घरी धाकट्या भावंडांवर चिडणं, वह्या-दप्तर 'हरवणं', आणि शेवटी शाळेत जायलाच नकार देणं. आपण याला आळशीपणा म्हणतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'सतत गैरहजर' अशी होते. आणि गळतीचं कारण विचारलं की 'स्थलांतर' हा एकच शब्द पुढे येतो. पोरगं परत आल्यावर त्याला वर्गात कोणी बसू दिलं नाही, याला कुठल्या रकान्यात जागा आहे?

हे सगळं मोठं झाल्यावर विसरलं जातं, असंही आपल्याला वाटतं. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यातल्या ७ हजार ७७१ जणांच्या पालकांना, मूल ७ आणि ११ वर्षांचं असताना विचारलं होतं की, इतर मुलं त्याला त्रास देतात का? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना लहानपणी वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात वयाच्या पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त दिसलं. चाळीस वर्षांनंतर!

आपल्याला हे कळायला लंडनला जायची गरज नव्हती. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचं नावच 'उपरा' आहे. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातलं पोर शाळेत गेलं तर त्याच्या वाट्याला काय येतं, ते त्यात आहे. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' तर आपल्या पिढीनं पाहिलाय. जब्यावर हसणारी वर्गातली पोरं आठवा. थिएटरमधून बाहेर पडताना आपण सगळे जब्या असतो. वर्गात मात्र आपण कोण होतो?

हसणारे आपण

फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की, बुलिंग हा दोघांमधला मामला नसतो. अख्खा वर्ग त्यात असतो. त्रास देणारा एक, त्याला साथ देणारे एक-दोन, हसून त्याला चढवणारे काही जण, बाजूला गप्प बसणारे बरेच आणि त्रास होणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणारे थोडेच. त्यावर आधारलेला 'किवा' हा कार्यक्रम फिनलंडनं २००९ पासून देशभरातल्या शाळांत नेला. त्यात भर आहे तो प्रेक्षकांवर. हसणारे थांबले की चिडवणाऱ्याची मजाच जाते.

मी 'हसून चढवणारी' होते. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण दुसरा शब्द नाही.

कायदा आहे, पण...

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई करतं. कलम ४ नुसार शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. कलम ५ नुसार शाळा बदलताना दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. आईबाप कामावर गेल्यावर मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं आहेत.

हे सगळं पोराला शाळेच्या दारापर्यंत आणतं. दारातून बाकापर्यंतचं अंतर मात्र वर्गालाच कमी करावं लागतं.

आपलंच बघा ना. आपण कॉलेजला प्रवेश घेताना दरवर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. सातवीतलं पोर कुठलं हमीपत्र भरत नाही. त्याला हे कुणीतरी सांगावं लागतं. ते कुणीतरी आपणही असू शकतो. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर खेड्यातच होतं. ग्रामस्वच्छता, वृक्षारोपण आपण करतोच. त्यातला एक तास गावच्या शाळेतल्या पोरांसोबत बसून 'नवीन पोरगं आलं तर पहिल्या दिवशी त्याच्या बाजूला कोण बसणार' एवढंच ठरवून घेता येईल. घरात शाळेत जाणारं भावंड असेल तर त्यासाठी शिबिराचीही गरज नाही. आज रात्री जेवताना विचारा, तुमच्या वर्गात परत आलेलं कोणी आहे का, आणि ते कुठं बसतं?

माझी एसटी आली तेव्हा मी त्याला म्हणाले, "तेव्हा मीपण हसले होते. चुकलंच माझं."

तो म्हणाला, "मले मालूम हाये. तू दुसऱ्या बाकावर होती."

दहा वर्षं झाली. मला तो विसरायला झाला होता. त्याला माझा बाकसुद्धा आठवत होता.

मदत हवी असेल तर
• चाइल्डलाइन : १०९८ (मुलांसाठी, २४ तास, मोफत)
• टेलिमानस : १४४१६ (मानसिक आरोग्यासाठी, २४ तास, मोफत. मराठीतही बोलता येतं.)