कर्जत लोकल आणि इंद्रधनुषी फीत

१६ ऑगस्ट २००८, शनिवार. आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या पताका कर्जत स्टेशनबाहेर अजून भिजत लोंबत होत्या. ‘दादरला पुस्तकं आणायला जातो’ असं घरी सांगून मी लोकल पकडली. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत ऑगस्ट क्रांती मैदान. मुंबईतला पहिला ‘क्वीअर आझादी’ मोर्चा त्या दिवशी निघाला. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मुद्दाम निवडली होती. १८६० साली इंग्रजांनी लिहिलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रज गेल्यावर एकसष्ट वर्षांनीही आमच्या मानगुटीवर होतं. मी तोंडावर मुखवटा चढवून गिरगाव चौपाटीपर्यंत चाललो. परतताना मनगटावरची इंद्रधनुषी फीत बदलापूर गेल्यावर सोडली आणि पिशवीच्या तळाशी कोंबली. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड येतात आणि डबा ओळखीच्या माणसांनी भरत जातो.

त्या मोर्चात मला एकाही कंपनीचा फलक दिसला नाही. जे होतं ते माणसांनी आणि संस्थांनी उभं केलेलं. १९९० मध्ये सुरू झालेलं ‘बॉम्बे दोस्त’ नियतकालिक, १९९४ ची हमसफर ट्रस्ट, पुण्यात २००२ पासून बिंदुमाधव खिरे यांची समपथिक ट्रस्ट. पुण्याची पहिली अभिमान पदयात्रा २०११ च्या डिसेंबरमध्ये निघाली, तीही अशाच बळावर. दिल्लीच्या आयोजकांनी तर कंपन्यांचा पैसा घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. लोकांच्या पाच-दहा रुपयांतून उभा राहिलेला मोर्चा उद्या कुणाच्याही विरोधात घोषणा देऊ शकतो, ही त्यामागची समज मला तेव्हाही पटत होती, आजही पटते.

पण कंपन्या वाईट आणि माणसं चांगली, असं लिहून मला मोकळं होता येत नाही. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ बाजूला सारलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं. मधल्या साडेचार वर्षांत ज्यांनी कचेरीत आपली ओळख सांगितली होती, ते एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरले. त्या काळात काही कंपन्यांनी आपली धोरणं मागे घेतली नाहीत. विक्रोळीला परमेश शहाणींनी २०११ मध्ये सुरू केलेली गोदरेज इंडिया कल्चर लॅब होती. तिथल्या कार्यक्रमांना कुणीही जाऊन बसावं. कर्जतची जलद लोकल विक्रोळीला थांबत नाही, ठाण्याला उतरून धीमी गाडी धरावी लागते. मी ती कित्येकदा धरली. कायदा आम्हाला गुन्हेगार म्हणत असताना एका उद्योगसमूहाच्या आवारात आमच्याविषयी मोकळेपणाने बोललं जात होतं. माझ्या वयाच्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मग कंपन्यांचा हेतू काय होता? खरं तर हेतू अनेक होते, आणि ते लपवलेलेही नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे परदेशातल्या मुख्यालयातून नियम येत होते. आयटीत हुशार माणूस टिकवायचा तर त्याला घुसमटून चालणार नव्हतं. २०१४ मध्ये जागतिक बँकेसाठी अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी हिशेब मांडला, की या भेदभावामुळे भारताचं नुकसान सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.१ ते १.७ टक्के असू शकतं. तेव्हापासून चर्चासत्रांत ही आकडेवारी सारखी पुढे यायची. मला ती ऐकताना कायम अवघडल्यासारखं व्हायचं. उद्या कुणी उलटा हिशेब मांडला तर?

जाहिरातीही आल्या. २०१६ मध्ये एका चहाच्या ब्रँडने तृतीयपंथीयांचं ‘सिक्स पॅक बँड’ हे गाण्याचं पथक पुढे आणलं, त्याला कान्सच्या जाहिरात महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं. २०१७ मध्ये विक्सच्या जाहिरातीत तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत आई म्हणून दिसल्या. आमच्या घरी ती जाहिरात लागली तेव्हा माझी आई पदराने डोळे पुसत होती. त्याच आईने खोपोली लोकलमध्ये टाळी वाजली की खिडकीकडे तोंड फिरवलेलं मी लहानपणापासून पाहिलं होतं. तीस वर्षांत मला जे घरी बोलता आलं नाही, ते सर्दीचं औषध विकणाऱ्या कंपनीने काही मिनिटांत बोलून दाखवलं. हे मी कृतज्ञतेनेच लिहितो.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ चा तो जाच संपवला. त्या खटल्यात ललित हॉटेल समूहाचे केशव सुरी स्वतः अर्जदार होते. उद्योजकाने पाठिंबा द्यायचा म्हणजे काय, याचं ते मला सर्वात स्वच्छ उदाहरण वाटतं, कारण निकाल विरोधात गेला असता तर झळ त्यांनाही बसली असती. निकाल लागताच मात्र लोगो भराभर रंगले. आणि पुढे दर जूनमध्ये रंगू लागले.

जून का? कारण २८ जून १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इनमध्ये पोलिसांविरुद्ध उठाव झाला. ती तारीख माझीही आहे, मी ती मानतो. पण आमच्याकडे जून म्हणजे मृगाचा पाऊस आणि भाताच्या पेरण्या. मुंबईचा मोर्चा ऑगस्टमधून पुढे जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकला. कंपन्यांचं कॅलेंडर न्यूयॉर्कचं राहिलं आणि आमचं पाऊसपाण्याचं. एक्स्प्रेसवेने खालापूरच्या टोलनाक्यावर यावं, तर तिथे बाराही महिने तृतीयपंथी गाड्यांच्या काचांवर टकटक करत उभ्या असतात. आजूबाजूला इतके कारखाने असताना त्यांच्यापैकी कुणाच्या हातात गेटपास का नाही, हा प्रश्न जूनमध्येही कुणी विचारत नाही.

तरी या भागात एक गोष्ट घडली, तिची नोंद करायला हवी. टाटा आणि खोपोली हे नातं जुनं. घाटावरच्या तळ्यांचं पाणी खाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. २०१८ मध्ये टाटा स्टीलने भूषण स्टील विकत घेतली, तिच्यासोबत खोपोलीचा पोलाद कारखानाही आला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये टाटा स्टीलने जाहीर केलं, की कर्मचाऱ्याचा समलिंगी जोडीदार हाही जोडीदार धरला जाईल: वैद्यकीय सवलती, दत्तक घेतल्यावरची रजा, आणि लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी मदत व तीस दिवसांची विशेष रजा. २०२१ मध्ये भूषणचं विलीनीकरण पूर्ण झालं. कर्जत-खालापुरात कधी अभिमान यात्रा निघालेली मी पाहिली नाही, पण कंपनीच्या खरेदीखताबरोबर एक हक्क घाटाखाली आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲक्सिस बँकेने समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडण्याची मुभा जाहीर केली. रंगीत लोगोपेक्षा मला असे रूक्ष कागद जास्त विश्वासाचे वाटतात. कागद दाखवून भांडता येतं.

पण हा कागद पोचतो कुठवर? माझा एक मित्र खोपोलीजवळच्या एका वेगळ्याच, लहान कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. कायम नोकरांच्या गटविम्यात कुणाला घ्यायचं हे कंपनी ठरवू शकते. महिना एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्या ठेक्यावरच्या माणसाला मात्र ईएसआयसी हा सरकारी विमा लागू होतो, आणि तिथे कुटुंब म्हणजे कोण हे कायद्यानेच लिहिलेलं आहे. त्यात नवरा, बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील बसतात. मित्राबरोबर नऊ वर्षं राहणारा माणूस त्यात बसत नाही. त्याला डेंग्यू झाला तेव्हा मित्राने पतपेढीतून कर्ज काढून बिल भरलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा कुटुंब म्हणून गणलं जाण्याचं दार आणखी लांब गेलं. अमेरिकेत २०१५ मध्ये विवाहाच्या खटल्यात ३७९ कंपन्या आणि मालकांनी न्यायालयात एकत्र निवेदन दिलं होतं. कंपन्यांनी आपलं वजन वापरायचं तर ते असं वापरता येतं.

आणि नोकरी मिळाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०१७ मध्ये कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. काही दिवसांतच आठ जणांनी काम सोडलं, कारण पगारात परवडेल अशी खोली त्यांना कुणी भाड्याने देईना.

वारा फिरतो तेव्हा काय होतं, तेही या काळात दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाबरने करवा चौथ साजरा करणाऱ्या दोन बायकांची जाहिरात केली. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची धमकी दिली, आणि कंपनीने जाहिरात मागे घेऊन माफी मागितली. २०२५ मध्ये अमेरिकेतलं सरकार बदललं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइडमधून कॉमकास्ट, डियाजिओ, अ‍ॅनहायझर-बुश अशा मोठ्या प्रायोजकांनी हात काढून घेतला. उलट्या हिशेबाची मला वाटणारी भीती अशी खरी झाली. दिल्लीकरांचा हट्ट मला तेव्हा फार आठवला. पण खोपोलीतल्या त्या तीस दिवसांच्या रजेचा कागदही आठवला. तो अमेरिकेतल्या निवडणुकीने रद्द होत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी आणि मित्र मोर्चाहून एकत्र परतलो. आता मुखवटा नसतो. बदलापूर गेलं, वांगणी गेलं, आम्ही दोघांनीही फीत सोडली नाही. मी त्याच्याकडेच मुक्कामाला जाणार होतो, म्हणून कर्जतला खोपोलीची गाडी धरली. तो जोडीदाराला फोनवर सांगत होता, भात टाक, अर्ध्या तासात येतो. केळवलीला त्याच्या ठेकेदाराचा सुपरवायझर रात्रपाळीला जायला डब्यात चढला. मित्राने फोन खिशात ठेवला आणि शर्टाची बाही मनगटाखाली ओढून घेतली.