पिकअपच्या हौद्यावरील टप : निवड आणि बसवणी

मावळ तालुक्यातील शेतमाल आता बहुतांशी पिकअप वाहनातूनच बाजारास जातो. वडगाव येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेल्या इंद्रायणी वाणाचे भात व तांदूळ, तळेगाव परिसरातील हरितगृहांतील गुलाब, पवन मावळातील भाजीपाला हा सर्व माल पुण्याच्या गुलटेकडी बाजारात किंवा बोरघाट उतरून वाशीस पोहोचतो. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वडगावास कोरडे असताना खंडाळ्यास मुसळधार पाऊस असणे, हा तर आपल्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. अशा प्रदेशात हौद्यावरील आच्छादनाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे चार महिन्यांचे श्रम दोन तासांच्या प्रवासात गमावणे होय.

एका शेतकरी बंधूने भाताची पोती भरून वर ताडपत्री टाकली. परंतु ती नेमकी हौद्याच्या मापाची होती. कडा फळ्यांच्या आत राहिल्या, पाणी ओघळून आत उतरले आणि खालच्या थरातील पोती भिजली. भात सुरक्षित साठवण्यासाठी त्यातील ओलावा सुमारे १४ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो. खळ्यावर ऊन देऊन साधलेले हे काम वाटेत वाया गेले. ताडपत्री चांगली होती. चूक मापाची आणि बांधणीची होती.

टपाचे प्रकार

टप मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला, लोखंडी कमानींवर ताणलेली ताडपत्री. हा स्वस्त असून गावातच दुरुस्त होतो आणि उंच माल भरावयाचा असल्यास काढून ठेवता येतो. सर्वसाधारण शेतकऱ्यास हाच सोयीचा.

दुसरा, पत्र्याचा कायम बंद हौदा. बारमाही फुले किंवा दूध नेणाऱ्यास तो उपयुक्त आहे. मात्र त्याचे वजन मोठे असल्याने तितका माल कमी भरावा लागतो. शिवाय नोंदणीपुस्तकातील तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. म्हणून काम करून घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

तिसरा, हवा भरून उभा राहणारा टप. परदेशांत हा सहलीच्या वाहनांवर वापरला जातो. त्याच्या भिंती दुहेरी कापडाच्या असून दोन थर असंख्य धाग्यांनी एकमेकांस जोडलेले असतात. त्यामुळे हवा भरल्यावर भिंत फुग्यासारखी गोल न होता फळीसारखी सपाट व ताठ उभी राहते. काम झाल्यावर हवा सोडून त्याची गुंडाळी करता येते. परंतु क्रेटची धार किंवा तारेचे टोक लागल्यास त्यास छिद्र पडण्याचे भय असते. उन्हात आतील हवेचा दाब वाढतो व घाटातील गारठ्यात तो उतरतो. म्हणून दाब वारंवार तपासावा लागतो. हलक्या मालासाठी तो चालेल; रोजच्या क्रेट-पोत्यांच्या वाहतुकीस तो योग्य नव्हे.

ताडपत्रीची निवड

प्लॅस्टिकच्या विणीची ताडपत्री घेताना तिच्यावर आयएस ७९०३ हा मानक क्रमांक पाहावा. दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची ताडपत्री ह्या कामास पातळ पडत नाही. ती उन्हाकडे धरून बारीक छिद्रे तपासावीत. कडा दुमडून त्यांत दोर घातलेला आहे व रिंगा घट्ट बसलेल्या आहेत, ह्याची खात्री करावी.

माप कसे घ्यावे

समजा, हौदा ८ फूट लांब व साडेपाच फूट रुंद आहे. कमान बाजूच्या फळीपासून २ फूट सरळ वर जाऊन नंतर मध्यभागी आणखी १ फूट उंचावते. कमानीचा वरील गोल भाग सुमारे ६ फूट भरतो. तेव्हा रुंदी : २ + ६ + २ = १० फूट, आणि दोन्ही बाजूंस फळीबाहेर १-१ फूट, मिळून १२ फूट. लांबी : ८ फूट, आणि पुढे व मागे प्रत्येकी ३ फूट उतार व १ फूट जास्तीचा पदर, मिळून १६ फूट. हे माप तयार न मिळाल्यास लगतचे मोठे माप घ्यावे. लहान कधीही घेऊ नये.

बसवणीचा क्रम

१. वरील मापाच्या हौद्यास २-२ फुटांवर ५ कमानी बसवाव्यात. मध्यावर एक व दोन्ही खांद्यांवर एकेक असे तीन आडवे नळ जोडावेत. कमानींत अंतर जास्त राहिल्यास ताडपत्रीस झोळ पडतो. १ चौरस मीटर झोळात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन ५० किलो होते. असा झोळ फाटल्यास तेवढे पाणी एकदम मालावर कोसळते.

२. नळांची टोके व जोड ह्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत. ताडपत्री प्रथम तेथेच झिजते.

३. दोन तुकडे जोडावयाचे असल्यास पुढील तुकडा मागील तुकड्यावर यावा. कौलारू छपरावर वरचे कौल खालच्यावर चढते, तोच हा न्याय. उलट केल्यास समोरचा वारा जोडात शिरतो.

४. बाजूंचे पदर फळीच्या बाहेरून खाली सोडून प्रत्येक रिंगेतून दोर ओढून घ्यावा. वेगात टपावरून जाणारा वारा ताडपत्रीस वर उचलतो. म्हणून वरूनही फुलीच्या आकारात दोर टाकावेत. फाळक्याकडील पदर शेवटी बांधावा. मागील दिवे व क्रमांकपट्टी झाकू नये.

५. हौद्याच्या तळाशी २-३ इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवर माल रचावा. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी असावीत.

वायुवीजन

भाजीपाला व फुले तोडणीनंतरही श्वसन करतात व उष्णता सोडतात. टप सर्व बाजूंनी घट्ट बंद राहिल्यास आत वाफ धरते, थेंब गळतात व गुलाबावर करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो. पाऊस नसताना मागील पदर वीतभर उघडा ठेवावा. भाताची पोती मात्र पूर्ण झाकावीत.

घाट उतरण्यापूर्वी वाहन सुरक्षित जागी थांबवून सर्व दोर एकदा तपासावेत. टपाखाली माणसे बसवू नयेत. परतल्यावर ताडपत्री धुऊन, सावलीत वाळवून मगच तिची घडी करावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील एका पिकअपवर ही बसवणी प्रत्यक्ष करून दाखवावी आणि टपावर बादलीभर पाणी ओतून ते कोठून आत येते हे सर्वांसमक्ष पाहावे. जे छिद्र अंगणात सापडते, ते घाटात नुकसान करीत नाही.